दहा बादल्या

"पुढचा," मी म्हणालो.

बाकावर दोघं होते. अलीकडे पुटपुट्या, पलीकडे बेकरीवाला. पुटपुट्या नऊ वाजल्यापासून बसलेला, बेकरीवाला नुकताच आलेला. बेकरीवाला उठला, पुटपुट्याच्या गुडघ्यांना मुद्दाम धक्का देत पुढे आला आणि खुर्चीत बसला. पुटपुट्यानं पाय जवळ घेतले आणि "सॉरी" म्हणाला. धक्का खाऊन वर माफी मागायची, ही या माणसाची जुनी खोड.

पुटपुट्या म्हणजे आमच्या चर्चचा फादर. नाव आम्ही ठेवलेलं. प्रवचन द्यायला उभा राहिला की पहिल्या रांगेच्या मागे आवाज पोचायचा नाही. मास्तर म्हणायचे, देवालाही कानामागे हात धरावा लागत असेल. पाच वर्षांपूर्वी कुठूनतरी बदलून आला होता. गेले सहा महिने दर शनिवारी नऊला माझ्या सलूनमध्ये येत होता, बाकाच्या दाराकडच्या टोकाला बसत होता आणि बारा वाजले की उठून जात होता. मी त्याचा नंबर कधीच येऊ दिला नाही. दाढी वाढून गळा दिसेनासा झाला होता. गावात त्याची बिनपाण्याची करायला सगळेच टपलेले. पाण्याची करणारा मी एकटा, आणि मी ती करणार नव्हतो.

"आज कसला वास येतोय रे दुकानात?" बेकरीवाल्यानं आरशातून मागे बघत विचारलं.

"घंटेच्या दोराचा," मास्तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. पेपर माझ्या दुकानात वाचायचे आणि मतंही इथंच मांडायचे.

"माझा पोरगा तेवीस वर्षांचा होता," बेकरीवाला म्हणाला. मी त्याच्या गालाला साबण लावत होतो, तरी त्याचं तोंड थांबेना. "पाव भट्टीत टाकलेला तसाच सोडून पळाला. चर्च वाचवायला. ऐकतोस का रे?"

"हो," बाकावरून आवाज आला.

"मोठ्यानं बोल! घंटा बडवताना तर चांगला जोर होता हातात."

"हो. ऐकतोय."

"काय ऐकलंस?"

"तेवीस वर्षांचा होता. पाव भट्टीत होता."

दर शनिवारी हेच. कोणीतरी बोलायचं, त्यानं ऐकायचं आणि विचारलं तर पाठ म्हणून दाखवायचं. एवढं ऐकलं की कुत्रंसुद्धा दुसऱ्या दिवशी वाट बदलतं. हा मात्र पुढच्या शनिवारी नऊला हजर. मी म्हणायचो, गेंड्याची कातडी आहे. माझा वस्तरा बोथट होईल.

मग मास्तरांनी पेपर घडी करून ठेवला आणि खिशातून पाकीट काढलं. "बिशपचं उत्तर आलंय," ते म्हणाले.

आम्ही अर्ज केला होता. मजकूर मास्तरांचा, आणि त्याखाली पहिली सही माझी. हा माणूस आम्हाला नको, एवढंच त्यात चार पानं लिहिलं होतं.

"बदली झाली. पुढच्या शनिवारी, दहाच्या बसनं."

बेकरीवाल्यानं तोंडाला फेस तसाच ठेवून टाळी वाजवली. पुटपुट्या उठला. "मला काल कळलं," म्हणाला. दारापर्यंत जाऊन वळला. "शनिवारी येईन मी. बसच्या आधी."

"कशाला?" मी म्हणालो. "नंबर लागणार नाही."

"माहीत आहे," म्हणाला आणि गेला.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? सहा महिन्यांत पहिल्यांदा मी त्या दिवशी जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आमचा राग समजायचा तर आमचं गाव समजायला हवं. गाव उतारावर आहे. वर बाजार, बस थांबा आणि माझं दुकान. मध्ये आमच्या घरांच्या दोन आळ्या, त्या वरच्या आळ्या. तळाला नदीकाठी खालची आळी आणि चर्च. आठ वर्षांपूर्वी चर्चला आग लागली होती. कोणीतरी अवेळी घंटा वाजवली आणि सगळं गाव बादल्या घेऊन खाली धावलं. नदीपासून चर्चपर्यंत माणसांची रांग लावून आम्ही आग विझवली. बंब आला तेव्हा आम्ही पायऱ्यांवर बसून हसत होतो, वरातीमागून घोडं. तेव्हापासून वरच्या आळ्यांमध्ये प्रत्येक दाराशी खिळ्याला एक बादली टांगलेली असते, तिच्यावर रंगानं घराची खूण. अवेळी घंटा म्हणजे आग आणि आग म्हणजे बादली घेऊन खाली. हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

सहा महिन्यांपूर्वी एका शुक्रवारी, संध्याकाळी साडेपाच वाजता घंटा वाजायला लागली. इथं पाऊसही नव्हता. झाला होता तो वर डोंगरात. घंटा थांबेचना. मास्तर माझ्या खुर्चीत होते, एका गालाची झाली होती, दुसऱ्याची बाकी होती. खाली आळ्यांमधून माणसं बादल्या घेऊन उतारानं धावताना दारातून दिसत होती. मी वस्तरा ठेवायला लागलो तर मास्तर म्हणाले, "अरे, अर्धी सोडून जातोस? दोन मिनिटांत काय चर्च जळून जातंय?" मी दुसरा गाल केला. गाल होईपर्यंत नदी वळण सोडून खालच्या आळीत शिरली होती.

अकरा माणसं गेली. सगळी वरच्या आळ्यांमधली, सगळी बादल्या घेऊन धावलेली. त्यात माझी बायको.

पाणी उतरल्यावर आम्ही खाली गेलो, तर ती चर्चच्या पायरीवर निजवलेली होती. पुटपुट्या शेजारी चिखलात गुडघ्यांवर बसला होता. "घंटा कोणी वाजवली?" बेकरीवाला ओरडला. आणि तो म्हणाला, "मी."

अगदी स्पष्ट म्हणाला. त्याचं मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलेलं ते एकच वाक्य.

बाहेरचा माणूस. आगीच्या वेळी तो इथं नव्हता. अवेळी घंटा म्हणजे आमच्या गावात काय, हे त्याला माहीत नव्हतं. खालच्या आळीला पुरातून सावध करायला गेला आणि वरच्यांना बोलावून मारलं. आम्ही त्याला त्याच दिवशी फाडून खाल्लं नाही, हेच नशीब. नंतर तो पहाटे फावडं घेऊन लोकांच्या घरांतला चिखल उपसत असे, कोणी उठायच्या आत, कारण उजेडात त्याला कोणी दारात उभं करत नव्हतं. चिखलात सापडलेल्या बादल्या त्यानं घासून चर्चच्या व्हरांड्यात ओळीनं मांडून ठेवल्या. न्यायला कोणी गेलं नाही. दहाच होत्या. एकदा मी त्याला भर दुकानात म्हणालो होतो, "माझ्या बायकोची तेवढी सापडली नाही का रे तुला? की तिच्यावर तुझा काही राग?" त्यानं खाली मान घातली होती.

बायकोला मी स्वतः धुतलं होतं. तिच्या दोन्ही तळव्यांची साल निघाली होती आणि उजव्या मनगटाला काळंनिळं कडं उमटलं होतं. कुठल्यातरी कठड्याला धरून राहिली असेल शेवटपर्यंत, आणि मी वर मास्तरांचा गाल करत होतो. हे मी सगळ्यांना सांगायचो. गालाचं सोडून.

गुरुवारी मी बाजाराच्याही पलीकडे, चढावरच्या वरच्या वस्तीवर गेलो. तिथं एक म्हातारा आहे, अंथरुणाला खिळलेला. पूर्वी मी महिन्यातून एकदा त्याची दाढी करायला जायचो. पुराच्या संध्याकाळीच त्याची बायको वारली, आपल्या आजारानं, आणि मुलगा त्याला आपल्या घरी घेऊन गेला. आता सहा महिन्यांनी भांडून परत आला होता. सुनेच्या हातचं पिठलं काय नि पाणी काय, सारखंच लागतं, म्हणाला.

"तुमचा तो फादर चालला म्हणे," म्हातारा म्हणाला. "बरं झालं. मरणाऱ्या माणसाशी असं वागतात होय?"

"तुमचं काय केलं त्यानं?" मी वस्तऱ्याला धार लावत विचारलं. नवीन तक्रार ऐकायला मिळणार म्हणून मला बरं वाटलं होतं.

"अरे, हिचा हात हातात घेऊन बसलेला तो. ही शेवटच्या घटका मोजतेय. आणि तुमच्या त्या घंटेचा आवाज आला. हा उठला! 'ही वेळ नाही. कोण वाजवतंय?' म्हणाला. खिडकीतून खाली बघितलं आणि तिचा हात सोडून जो पळाला, तो पळालाच. ती अर्ध्या तासानं गेली. दुसऱ्या दिवशी चिखलानं भरलेला आला माफी मागायला. मी तोंड फिरवलं."

"कधी उठला?"

"सांगतोय ना. घंटा वाजली तेव्हा."

"वाजत असताना तो इथं होता?"

"मग काय मी खोटं सांगतोय? त्या स्टुलावर होता." म्हाताऱ्यानं बोट दाखवलं. "आणि तू हात का थांबवलास? अर्धीच झालीय."

मी ती पुरी केली. कशी केली ते मला विचारू नका.

खाली येताना डोक्यात एकच किडा. पुटपुट्यानं घंटा वाजवली नाही. मग कोणी? घंटेच्या खोलीची किल्ली दोघांकडेच असायची. एक त्याच्याकडे आणि दुसरी चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईकडे. झाडलोट माझी बायको करायची. पण ती गुरुवारी करायची, आणि पूर शुक्रवारी आला. मी स्वतःला हे चारदा सांगितलं. पाचव्यांदा आठवलं की त्या गुरुवारी तिला ताप होता.

घरी आलो तेव्हा मुलगी फरशी पुसत होती. ती बेकरीच्या काउंटरवर काम करते. आई गेल्यापासून घरही तिच्याच अंगावर. मी दारात उभा राहिलो आणि तिच्या बाजूच्या बादलीकडे बघितलं. निळी बादली, तिच्यावर पांढऱ्या रंगानं काढलेली कात्री. आमच्या घराची खूण.

"ही आपली बादली," मी म्हणालो.

"मग कोणाची असणार?"

"तुझ्या आईनं ती न्यायला हवी होती ना. घंटा ऐकून घरातून धावली तर."

मुलीनं फडकं पिळलं. बराच वेळ पिळत होती. "मी त्या दिवशी बेकरीतून आले तेव्हा बादली खिळ्यालाच होती, बाबा," ती म्हणाली. "लांब दांड्याचा झाडू नव्हता."

"तुला माहीत होतं?"

"बादली रोज मी भरते. तुम्ही एकदा तरी तिच्याकडे बघितलंत?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही जेवत नव्हता, झोपत नव्हता. एक त्या फादरांना शिव्या देताना तेवढे ताठ उभे राहायचात. तो आधार पण काढून घेऊ?"

मी उंबऱ्यावर बसलो. सहा महिने मी एका माणसाला भर बाजारात सोलत होतो आणि माझ्या घरात माझी लेक रोज त्या बादलीत फडकं बुडवत होती.

शुक्रवारी सकाळी मी चर्चमध्ये गेलो. पुटपुट्या व्हरांड्यात बादल्या पुसत होता. दहा बादल्या, कुणावर मासा, कुणावर चाक, बेकरीवाल्याच्या लाल बादलीवर पाव. कडी तुटली होती तिथं त्यानं तार गुंडाळली होती.

"दोराची खोली उघडा," मी म्हणालो.

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि न विचारता किल्ली आणली. खोली म्हणजे कोनाडाच. खिडकी नाही, वरून एक दोर लोंबतोय. कोपऱ्यात लांब दांड्याचा झाडू उभा होता. तो आमचा. दांड्याला माझ्या जुन्या टॉवेलची चिंधी बांधलेली होती, तिच्या हाताला लागू नये म्हणून मीच बांधलेली.

"कुठं सापडली ती?"

"इथंच," तो म्हणाला. "दोर मनगटाला दोन वेढे दिलेला होता. पाण्यानं हात सुटू नये म्हणून असेल. मी सोडवला आणि तिला पायरीवर नेलं."

"आणि 'मी' म्हणालात."

"हो."

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" माझा आवाज त्या कोनाड्यात घुमायला लागला. "देवानं? माझ्या बायकोचं काय करायचं ते ठरवणारे तुम्ही कोण? सहा महिने मला वाटत होतं, ती घाबरून, गोंधळून, पाण्यात कुठंतरी... ती शेवटपर्यंत इथं उभी होती, हे मला कळायला नको होतं?"

तो भिंतीला टेकला. मारलं असतं तरी टेकूनच उभा राहिला असता. मला त्याचाही राग आला.

"तिनं वरच्या बाजूनं लाकडं वाहत येताना बघितली असतील," तो हळू म्हणाला. "खालच्या आळीत तेव्हा चाळीस-बेचाळीस माणसं घरात होती. घंटेनं ती बाहेर आली, पाणी बघितलं आणि मागच्या वाटेनं चढली. एकही गेलं नाही. तिच्या डोक्यात ती माणसं होती. वरून कोणी येईल, हे तिला सुचलं नसेल. या खोलीला खिडकी नाही. कोण येतंय ते तिला दिसत नव्हतं. ती 'पळा' म्हणून हाका मारत होती हो. पण घंटेला एकच शब्द येतो."

"मग हे सांगायचं होतं लोकांना!"

"ज्यांची माणसं समोर पडली होती, त्यांना? त्या वेळी?" त्यानं मान हलवली. "मी बाहेरचा. मला तुमची आगीची रीत माहीत नव्हती, असं ते म्हणू शकतात. राग आला तरी कुठंतरी तेवढं धरायला आहे. तिला माहीत होती. तिला त्यांनी काय म्हटलं असतं? आणि तुमच्या मुलीला?"

मी झाडूला हात लावला.

"मी बदलीचा माणूस. आज इथं, उद्या तिथं. तुमच्या बायकोला इथंच राहायचंय, याच मातीत. उद्या मी जातो. हे माझ्याबरोबर जाऊ द्या. एवढं ऐका."

मी काही कबूल केलं नाही. झाडू उचलला आणि घरी आलो. मुलीला सगळं सांगितलं.

"सांगितलं तर बेकरीतलं तुझं काम जाईल," मी म्हणालो. "त्याचा पोरगा गेलाय."

"जाईल," ती म्हणाली. तिनं झाडू हातात घेतला आणि चिंधीची गाठ बघत राहिली. "पण बाबा, लपवून ठेवावं असं आईनं काही केलंय का?"

शनिवारी नऊला दुकान उघडलं. बस थांबा समोरच, त्यामुळे पुटपुट्याला निरोप द्यायला, म्हणजे हुर्यो करायला, वीस-पंचवीस माणसं जमली होती. काही दुकानात, बाकीची दारात. मास्तर, बेकरीवाला, सगळे. नऊ वाजून पाच मिनिटांनी तो आला. एक बॅग, बगलेत छत्री. बाकाच्या टोकाला जागा कोणी दिली नाही, म्हणून भिंतीशी उभा राहिला.

"पुढचा," मी म्हणालो. बेकरीवाला उठला. "तू नाही. फादर, या. नंबर तुमचा आहे."

फादर जागचे हलेनात. मी जाऊन त्यांचा दंड धरला, खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं. सहा महिन्यांची दाढी आधी कात्रीनं उतरवली. मग ब्रश फिरवला. बेकरीवाला हसला. "जाताना साफ करून पाठवतोस होय? बघ हां, हात घसरेल." दोघंतिघं हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, डोकं ठिकाणावर आहे ना?"

मी फादरांची मान मागे टेकवली आणि वस्तरा गळ्यावर ठेवला.

"आता हलू नका," मी म्हणालो. "आणि बोलू तर मुळीच नका. कापेल."

त्यांना कळलं. आरशात त्यांचे डोळे मोठे झाले. मी वस्तरा उचलला नाही.

"त्या दिवशी घंटा यांनी वाजवली नाही," मी आरशातल्या सगळ्यांना म्हणालो. "हे वरच्या वस्तीवर होते, म्हाताऱ्याच्या बायकोपाशी. त्याला जाऊन विचारा. घंटा वाजवली माझ्या बायकोनं."

फादरांच्या गळ्याची घाटी वर-खाली झाली. मी वस्तरा जरा सैल केला, तसं ते बोलायला लागले, पुन्हा टेकवला.

"ती दोराच्या खोलीत मेली. दोर हाताला बांधलेला होता. यांनी तिला बाहेर आणून निजवलं आणि आळ स्वतःवर घेतला. खालच्या आळीतलं कोणी आहे का इथं?"

दारात एक कोळी उभा होता. त्यानं मान खाली घातली. "आम्ही घंटेनंच बाहेर आलो," तो म्हणाला. "तेव्हापासून कोणत्या तोंडानं सांगणार होतो?"

बेकरीवाला उठून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. इतक्या जवळ की त्याच्या शर्टाचा पिठाचा वास येत होता. "हा बाहेरचा होता," तो म्हणाला. "याला माहीत नव्हतं. तुझ्या बायकोला माहीत होतं. बादल्या घेऊन पोरं धावत येणार, हे तिला माहीत होतं!"

"माहीत होतं. सुचलं नाही."

"सुचलं नाही! आणि तू सहा महिने माझ्या गळ्यात पडून रडलास?"

"मला परवा कळलं."

"माझ्या काउंटरवर तुझी पोरगी उभी असते. माझ्या पोराच्या भट्टीसमोर!"

"आजपासून नसते," दारातून मुलगी म्हणाली. ती केव्हा आली ते मला दिसलं नव्हतं. बेकरीचा अ‍ॅप्रन घडी करून तिनं बाकावर ठेवला.

बेकरीवाला माझ्या फरशीवर थुंकला आणि बाहेर पडला. त्याच्यामागे एकेक जण. मास्तर दारापाशी थांबले, हात आपल्या गालावर ठेवून तसेच निघून गेले. "शिव्या द्यायच्या असतील तर आता मला द्या," मी पाठमोऱ्या माणसांना ओरडून सांगितलं. "दुकान नऊला उघडतं!"

बाहेर बसनं हॉर्न दिला. एक गाल बाकी होता. मी मुलीला ड्रायव्हरकडे पाठवलं आणि घाई न करता तोही केला. टॉवेलनं तोंड पुसलं. गळ्याशी एक ठिपका रक्त होतं. तीस वर्षांत माझ्या हातून पहिल्यांदा. मी तुरटी लावली.

"सांगू नका म्हणालो होतो मी तुम्हाला," फादर म्हणाले. डोळ्यांतून पाणी येत होतं, तुरटीनं की कशानं.

"तुम्ही तरी मला कुठं विचारलं होतंत?" मी म्हणालो. त्यांची बॅग उचलून मी बसपर्यंत गेलो. हुर्यो करायला कोणी उरलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी दुकानात कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. माणसं दाढी करायला शेजारच्या गावाला जायला लागली. कोणीतरी रात्रीत बायकोच्या थडग्यावरचा दगड पाडला. मुलीनं आणि मी तो परत उभा केला. कोळी आपल्या भावाला घेऊन मदतीला आला, पण मान वर करून कोणाकडे बघत नव्हता.

तिसऱ्या शनिवारी मी नऊला दुकान उघडलं, खुर्ची पुसली, पट्ट्यावर वस्तरा फिरवला. साडेनऊला दारात बेकरीवाला उभा. दाढी वाढलेली. हातात लाल बादली, तिच्यावर पाव काढलेला, कडीला तार गुंडाळलेली. चर्चच्या व्हरांड्यातून उचलून आणली होती.

तो खुर्चीकडे गेला नाही. बादली त्यानं फरशीवर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता.

मी वस्तरा मिटून ठेवला. बाकाच्या दाराकडच्या टोकाला, फादर बसायचे तिथं जाऊन बसलो आणि पाय जवळ घेतले.

"बोल," मी म्हणालो. "तेवीस वर्षांचा होता."